गोळ्यांच्या डब्यातली वचनं

१४ सप्टेंबर १९८७

सुसाना,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, आणि त्याचा भलताच अर्थही काढू नकोस. तुझ्या आईचा उजवा हात दुखावलाय म्हणून तिच्याऐवजी मी लिहितोय, एवढंच. ती तुला दर महिन्याला लिहिते हे मला माहीत आहे. सात वर्षं माहीत आहे. तुझी उत्तरं ती पिठाच्या पिंपामागे ठेवते आणि मी पिंपाच्या वाटेला जात नाही, असा आमचा संसार चाललाय.

इकडची खबर अशी, की कलिंगडं यंदा उदंड आली. दूधकेंद्रात नवा मॅनेजर आलाय. त्याला चीज आणि साबण यांतला फरक कळत नाही, पण मला चीज कसं करायचं ते शिकवतो. तीस वर्षं करतोय म्हटलं, तर म्हणाला, तीस वर्षं चुकत असाल. आपल्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी आता चाळीसच्या वर माणसं नसतात. जो तो जर्मनीला जायचे कागद भरतोय. मी उपदेशाला उभा राहिलो की समोर माणसांपेक्षा बाकांचं लाकूडच जास्त दिसतं.

आई विचारते, तुझी साइकाल आता चार वर्षांची झाली, ती आपली जर्मन भाषा थोडीतरी बोलते का? आणि घाटापलीकडच्या नारीनच्या थंडीत तिला लोकरीचे मोजे पुरतात का? हे ती विचारते, मी नाही.

कलिंगडाबरोबरच्या तळलेल्या पोळ्या यंदा झाल्या नाहीत. हात दुखावल्यामुळे.

कोर्नेलियुस थीलमान


९ ऑक्टोबर

सुसाना,

तू विचारलंस, नुसता हात दुखावला तर तिला शहरातल्या इस्पितळात कशाला नेलं होतं. तुला कोणी कळवलं ते मी विचारत नाही. गेरहार्ड बंधूच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

नर्स असलेल्या मुलीपासून आजार लपवायला गेलो हा माझा मूर्खपणा. हात धडधाकट आहे, फक्त थरथरतो. दुखणं यकृतात आहे. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं, शिवलं आणि घरी नेऊन जे आवडतं ते खायला घाला म्हणाले. तिला काहीच आवडत नाही. पलंग तिने स्वयंपाकघरात खिडकीशी आणवून घेतलाय. भांडी नजरेसमोर असली की बरं वाटतं, म्हणते.

सोमवारी ती म्हणाली, सुसाला बोलाव. मंगळवारी पुन्हा म्हणाली. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

हे तुला लागेल, पण मला वाकडं बोलता येत नाही. मुसलमानाशी लग्न केलंस म्हणून तू मंडळीबाहेर आहेस. बाहेर काढलेल्याबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही ही आपली रीत आहे. ती मी घातली नाही, पण तुझ्या वेळी ती वाचून दाखवणारा मीच होतो आणि पहिला हात माझाच वर गेला होता. तू या घरात आलीस तर तुझी आई तुला वेगळ्या टेबलाशी बसवणार नाही, आणि मी तिला तसं सांगू शकणार नाही. मग उद्या मी कोणत्या तोंडाने बायबल उघडून उपदेश करू? इथे माझं डोकं पुरत नाही. ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने ते देवाकडे मागावं असं शास्त्र सांगतं. म्हणून नेहमीसारखंच करतोय. तीन दिवस उपास, प्रार्थना, आणि मग डब्यातली चिठ्ठी.

डबा तोच आहे, फळांच्या गोळ्यांचा, झाकणावरचा लाल रंग उडालेला. तू जन्मायच्या आदल्या वर्षी सरकारचे झडती घेणारे आपलं बायबल घेऊन गेले. मी आठवडाभर जेवलो नाही. तुझी आई मात्र जेवली, भांडी घासली, दूधकेंद्राच्या फॉर्मांच्या पट्ट्या कापल्या, जांभळ्या पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि आठवतील तितकी वचनं पट्ट्यांवर लिहून काढली. झिजलेल्या पट्ट्या ती पुन्हा लिहायला बसली की लहानपणी तू म्हणायचीस, आईची जीभ बघा, देवाने रंगवलीय. पुढे जर्मनीहून नवं बायबल आलं तरी निर्णय आपण डब्यालाच विचारत राहिलो. गाय विकायची का, तुला नर्सिंगला पाठवायचं का, सगळं.

तुझं त्यावर काय म्हणणं आहे ते मला पाठ आहे. तुझ्या आणि तोक्तोसूनच्या लग्नाची चिठ्ठी मी याच स्वयंपाकघरात उघडली. त्यांच्यातून निघून या, वेगळे राहा, असं वचन निघालं. तू रडली नाहीस. म्हणालीस, "बाबा, वचनाच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे ते वाचल्याशिवाय अर्थ लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. चिठ्ठीला आधी-नंतर असतं कुठे? तिथे मूर्तींच्या देवळाची गोष्ट चाललीय. तोक्तोसून घोड्यांचा डॉक्टर आहे."

मी त्याला उद्धटपणा म्हटलं. अजूनही म्हणतो.

चिठ्ठी काय म्हणते ते कळवीन.

कोर्नेलियुस थीलमान


२६ ऑक्टोबर

सुसाना,

कळवायला उशीर झाला, कारण जे झालं ते लिहावंसं वाटत नव्हतं.

पहिल्या उपासात मला ताप आला आणि ते राहून गेलं. या आठवड्यात पुन्हा धरला. काल रविवार, उपासना झाल्यावर घरी आलो, आईच्या पलंगाशी गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि डब्यात हात घातला. आई माझ्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांत अशी धुगधुगी पाहिली नव्हती.

वचन निघालं ते घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या गोष्टीतलं. मुलगा अजून लांब असतानाच बापाला दिसतो आणि म्हातारा धावत सुटतो, ते.

एका क्षणापुरता मीही जाग्यावरून उठलो होतो, तुला पत्र लिहायला. मग हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. तो फॉर्मचा पिवळा कागद नव्हता. शाळेच्या वहीचा चौकटींचा पांढरा कागद होता आणि वर निळ्या पेनाचं, थरथरत्या हाताचं अक्षर. मी दुसरी चिठ्ठी काढली, तिसरी काढली. सगळ्या नव्या. हरवलेलं मेंढरू, तान्ह्या बाळाला न विसरणारी आई, घरी परत या. डब्यात दुसरं काही नव्हतंच. कुठेही हात घातला असता तरी तूच निघाली असतीस.

सुसाना, मी तीन दिवस उपाशी राहून देवाला प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्या बायकोने लिहून ठेवलं होतं. मला किती राग आला ते सांगत नाही. आजारी माणसावर ओरडू नये म्हणून मी हळू आवाजात बोललो आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तिनेही मला एक वाक्य ऐकवलं. ते लिहीत नाही.

आता मी स्वतः बायबलातून नव्या चिठ्ठ्या करतोय, पुस्तकाच्या पहिल्या पानापासून, आपल्या मनाची निवड न करता. शंभर तरी हव्यात. त्या झाल्या की पुन्हा तीन दिवस आणि मग स्वच्छ उत्तर. तोवर येऊ नकोस. घाट अजून उघडा आहे आणि आईची तब्येत बरी आहे. म्हणजे होती तशीच आहे.

कोर्नेलियुस थीलमान


३१ ऑक्टोबर, तार

आई गेली. दफन मंगळवारी. थीलमान.


२९ नोव्हेंबर

सुसा,

पाच वेळा हे पत्र सुरू केलं. पहिल्या चारांत मी तुला दफनविधीचा वृत्तांत दिला होता, कोणतं गीत म्हटलं, कोण कोण आलं होतं. ते सगळे कागद चुलीत गेले.

तू फाटकाशी आलीस ते मी पाहिलं नाही असं तुला वाटत असेल. मी पाहिलं. आम्ही कबरस्तानातून परतून अंगणात टेबलाशी नुकतेच बसलो होतो. कॉफी ओतली जात होती. तू राखाडी शाल घेतली होतीस, आईची. तोक्तोसूनने टोपी काढून हातात धरली होती आणि पोर त्याच्या कोटाला धरून उभी होती. तुम्ही आदल्या पहाटे निघून, घाटात रात्र काढून आला होतात आणि तरी तासाभराने चुकलात, कारण मी तार केली ती थेट आई गेल्यावर, शनिवारी, आणि त्या तारेतही "ये" एवढा एक शब्द मला लिहिता आला नव्हता.

सगळ्यांनी माना वळवून तुमच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटाला कबरीची माती लागली होती, ती मी दुसऱ्या बुटाने काढत बसलो. साइकालने टेबलावरच्या पावांकडे बोट दाखवलं, एकावर एक बसवलेले ते छोटे पाव, तुझ्या आईच्या पद्धतीचे. तू तिचं बोट हळूच खाली केलंस. हे मी पाहिलं. मग तुम्ही कबरस्तानाकडे गेलात. तोक्तोसून ओंजळ उघडी धरून गुडघ्यांवर बसलेला मला कुंपणापलीकडून दिसत होता. माझ्या बायकोसाठी तो त्याच्या देवाशी बोलत होता आणि मी, तिच्या मंडळीचा उपदेशक, पाव बुडवून खात होतो. तुम्ही परतीच्या बसला निघून गेलात तेव्हाही मी टेबलाशीच होतो.

दुसऱ्या दिवशी गेरहार्ड बंधू भांडी परत न्यायला आला. तुला माहीत आहे, रीतीच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा कडक. भांडी गोळा करता करता तो म्हणाला, "कोर्नेलियुस, तू बाकावर जरा सरकला असतास ना, तर आम्ही सगळे सरकलो असतो."

मी सात वर्षं समजत होतो की मी मंडळीला धरून चालतोय. मंडळी माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

आता ते वाक्य. चिठ्ठ्यांवरून मी आईला म्हणालो होतो, अगानेता, तू देवाच्या जागी आपलं अक्षर घातलंस, हे पाप आहे. तिला धाप लागत होती. ती म्हणाली, "सुसाला घालवलं तेव्हा माझं अक्षर देवाचं होतं, कोर्नी. आता माझंच झालं होय?"

मी टेबल उजेडाला घ्यायचं म्हणून तिच्याकडे पाठ करून बसलो आणि चिठ्ठ्या लिहायला लागलो. पाच दिवस लिहिल्या, सुंदर अक्षरात, समास सोडून. शनिवारी सकाळी मी मोशेच्या नियमशास्त्रातलं एक वचन उतरवत होतो, कुष्ठरोग्याला छावणीबाहेर ठेवण्याबद्दलचं. पाठीमागे श्वास ऐकू येत होता. वचन लांब होतं, ते पट्टीवर कसं बसवावं याचा मी विचार करत होतो. बसवलं आणि मग लक्षात आलं की श्वास ऐकू येत नाही. ती माझ्यापासून चार पावलांवर गेली, सुसा. दरवाजाकडे तोंड करून. मी तिच्यासाठी देवाची इच्छा उतरवून घेत होतो.

या रविवारी उपदेश केला नाही. घरी राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पिठाच्या पिंपामागे हात घातला. तुझी पत्रं होती. जुन्या जांभळ्या चिठ्ठ्या सुतळीने बांधलेल्या होत्या. एक चिठ्ठी मात्र त्यांच्यात नव्हती, ती तुझ्या लग्नाच्या फोटोमागे खोचलेली होती. तीच ती. तिच्या कडा हाताळून मऊ झाल्या होत्या. मी ती सात वर्षांपूर्वी एकदा वाचली आणि निर्णय झाला म्हणून विसरलो. तिने ती किती वेळा बाहेर काढून वाचली असेल कोण जाणे. आपण लिहिलेल्या कागदाने आपली लेक घराबाहेर गेली, हे घेऊन ती माझ्याशेजारी सात वर्षं झोपली आणि एका शब्दाने बोलली नाही. आणि शेवटी दुसरं काही सुचेना तेव्हा ज्या हाताने केलं त्याच हाताने निस्तरायला बसली, पेन धरवत नसताना.

तुझ्या त्या प्रश्नाला मी उद्धटपणा म्हटलं होतं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून म्हटलं. वचनाच्या आधी आणि नंतर माणसं असतात. माझ्या चिठ्ठीच्या आधी तू होतीस आणि नंतर तुझी आई, आणि ते मी वाचलं नाही.

बाबा


१७ डिसेंबर

चिरंजीव सुसा,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी माझी मागणीही नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली.

आईच्या नव्या चिठ्ठ्या मी एकेक करून बायबलात शोधल्या. जुन्या पट्ट्यांवर ती कोपऱ्यात पुस्तक आणि अध्याय न चुकता टाकायची, या वेळी तेवढं त्राण नव्हतं. मला वाटलं, निदान एवढं काम तिचं आपण पुरं करावं. सगळ्या सापडल्या, फक्त एक राहिली. अक्षर इतकं वेडंवाकडं की ती शेवटची असणार. तिच्यावर लिहिलंय: पोर आली की आधी जेवू घाल. बोलायचं ते नंतर.

हसशील, पण मी हे वचन खरोखर शोधत होतो. चार दिवस. राजांच्या गोष्टींत पाहिलं, बारीकसारीक संदेष्ट्यांत पाहिलं. झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूत उठवतो, तिथे थांबलो. देवदूत त्याला काही समजावत नाही, भाजलेली भाकरी पुढे करतो आणि खा म्हणतो. पण शब्द तिचे नव्हते. मग तळ्याकाठची ती सकाळ काढली. प्रभूला पकडलं तेव्हा पेत्र तीनदा म्हणालेला, मी याला ओळखत नाही, आणि आता मरणातून उठलेला तोच प्रभू त्याच्यासमोर. त्या उताऱ्यावर मी तीस वर्षांत कमीत कमी वीस उपदेश दिलेत. तुझं माझ्यावर प्रेम आहे का, असं तो पेत्राला तीनदा विचारतो, त्या तीन प्रश्नांवर मी तासतासभर बोललोय. प्रश्नांच्या आधी काय आहे ते मला कधी दिसलंच नव्हतं. त्याने विस्तव केलाय, मासे भाजलेत, आणि म्हणतोय, या, न्याहारी करा. विचारायचं ते नंतर विचारतो.

शब्द तुझ्या आईचेच आहेत. ते कुठल्याच पुस्तकात नाहीत. पण मला शास्त्राचा अर्थ कोणी लावून दाखवला असेल तर तो तिने, एका ओळीत, आणि ती ओळ डब्याच्या तळाशी होती. तू फाटकाशी उभी होतीस तेव्हा ती ओळ घरात, माझ्यापासून वीस पावलांवर होती.

गेल्या रविवारी मी मंडळीत उभा राहिलो. सगळं सांगितलं. पुढे म्हणालो, यापुढे मी माझ्या लेकीच्या, जावयाच्या आणि नातीच्या टेबलाशी जेवणार आहे, त्यांनी बसू दिलं तर. ज्यांना मला बाहेर काढायचं असेल त्यांनी हात वर करावेत. आणि डोळे मिटले. मोजायला गेरहार्ड बंधूला सांगितलं होतं. त्याने आकडा सांगितला नाही, मीही विचारला नाही. तो एवढंच म्हणाला, घाटात बर्फ आहे, माझी मेंढीची टोपी घेऊन जा.

हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय आणि शनिवारच्या बसने मी निघतोय. मी या वेळी उपास केलेला नाही आणि डबाही उघडलेला नाही. प्रार्थना केली, पण काही विचारलं नाही, नुसता बसून होतो.

रविवारी दुपारपर्यंत तुझ्या फाटकाशी येईन. हाक मारणार नाही. तुला हवा तितका वेळ मी बाहेर उभा राहीन, आणि नकोच असेल तर संध्याकाळच्या बसने परत फिरेन, तुम्ही फिरलात तसा. दारापर्यंत यायचा मला हक्क नाही हे मला कळतं. फक्त साइकालला एकदा कुंपणापर्यंत पाठव. मी पाव भाजलेत, एकावर एक बसवलेले. आईसारखे झाले नाहीत, वरचे बरेचसे घसरलेत. पोरीने त्या दिवशी ज्यांच्याकडे बोट दाखवलं होतं ते तिच्या हातात द्यायचे आहेत.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. माझी शिदोरी मी बरोबर घेतली आहे.

तुझा,
बाबा